वारुळावरचा वाघ

आफ्रिकेहून परत आल्यापासून भेटेल तो आम्हाला एकच प्रश्न विचारतो : ‘‘सिंह किती पाहिले?’’ सात पाहिले, असे आम्ही सांगतो आणि विचारणाऱ्याचे समाधान होते. परंतु ज्यांच्यासाठी आम्ही अकरा रात्री तंबूत कुडकुडत काढल्या, त्या मंडळींची नावे घेतली की ऐकणाऱ्याचा चेहरा कोरा होतो. या मासिकाचे वाचक आमचे जुने स्नेही आहेत. त्यांनी तरी हा वृत्तांत शेवटपर्यंत ऐकून घ्यावा, ही विनंती.

आमचा भाचा गेली नऊ वर्षे जोहान्सबर्ग येथे अभियंता म्हणून नोकरीस आहे. ‘‘मामा, निवृत्त झाल्यावर गुडघे साथ देणार नाहीत, आत्ताच या,’’ असा त्याचा धोशा होता. मे महिन्यात आमच्याकडे शाळांना सुटी असते आणि तिकडे हिवाळ्याचा आरंभ होत असतो, हा योग चांगला होता. सरकारी नोकराला परदेशी जाण्यासाठी खात्याची परवानगी लागते, ती कशी मिळाली हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. अर्जात ‘प्रवासाचे प्रयोजन’ असा एक रकाना होता. आम्ही प्रामाणिकपणे ‘दुर्मिळ निशाचर प्राण्यांचे दर्शन’ असे लिहिले. संबंधित लिपिकांनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिले आणि स्वतःच्या हाताने तेथे ‘कौटुंबिक’ असे घातले. त्यानंतर कागद हलला.

खरे म्हणजे दुर्मिळ प्राण्यासाठी आम्हा बेळगावकरांनी समुद्र ओलांडण्याची गरज नाही. आमच्या खानापूर तालुक्यात भीमगडच्या रानात बारापेडीच्या गुहा आहेत. तेथे राहणारे एक मोठ्या कानांचे वटवाघूळ बराच काळपर्यंत जगाच्या पाठीवर दुसरीकडे कोठेही आढळलेले नव्हते. पुढे मेघालयात आणि कंबोडियात ते सापडले. प्रामुख्याने त्याच्यामुळे भीमगडाचे नाव शास्त्रज्ञांना ठाऊक झाले आणि २०११ साली त्या रानाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. तेथून पन्नास किलोमीटरच्या आत आमचे सारे आयुष्य गेले आणि ते वटवाघूळ आम्ही आजवर पाहिलेले नाही. माणसाची जिज्ञासा घराच्या उंबऱ्यापाशी का निजते आणि परमुलखात का जागी होते, हे कोडे आम्हाला सुटलेले नाही.

मुंबईहून अदिस अबाबामार्गे जोहान्सबर्ग, आणि तेथून मोटारीने पावणेपाचशे किलोमीटर नैर्ऋत्येला किंबर्ली. आमचा मेळा सहा जणांचा. आम्ही, सौ., भाचा, निवृत्त औषधविक्रेते असलेले एक जर्मन गृहस्थ व त्यांच्या पत्नी, आणि केपटाऊनच्या एका शाळेतील विज्ञानशिक्षिका. शिवाय वाटाड्या, जो गाडीही हाकत असे, आणि स्वयंपाक व तंबू पाहणारा एक तरुण. जर्मन गृहस्थांपाशी एक वही होती. जगातील सस्तन प्राण्यांपैकी किती आपण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले याची नोंद ते गेली तीस वर्षे ठेवीत आले आहेत. असा छंद असलेली माणसे जगभर पुष्कळ आहेत, हे आम्हाला प्रथमच कळले. पक्षी मोजणारे ठाऊक होते. परंतु पक्षी दिवसा दिसतो, झाडावर बसतो आणि गातो. सस्तन प्राणी बहुधा रात्री निघतो, गप्प असतो आणि आपण त्याला पाहण्याआधी त्याने आपला वास घेतलेला असतो. त्यामुळे ही यादी फार हळू वाढते.

किंबर्ली हे नाव हिऱ्यांशी जोडलेले. गावाच्या मध्यावर माणसांनी कुदळ-फावड्यांनी खणलेला एक प्रचंड खड्डा आहे. १८७१ साली तेथे हिरे सापडले आणि १९१४ साली खाण बंद झाली. तेवढ्या काळात त्यातून अडीच टनांहून अधिक हिरे निघाले. आता तळाशी हिरवट पाणी साचले आहे. आम्ही कठड्यापाशी उभे राहून ते पाहिले, मजुरांचे जुने फोटो पाहिले आणि फार बोलावेसे वाटले नाही म्हणून निघालो.

गावाबाहेर पडताच माळ सुरू होतो. आपल्याकडे अथणी-विजापूरच्या बाजूला असतो तसा. मात्र त्याला अंत नाही. पिवळे पडलेले गवत, मध्येच काटेरी झुडूप आणि जागोजाग गुडघ्याएवढी वारुळे. एका खाजगी शेतावर, जुन्या पवनचक्कीशेजारी, आमचे तंबू पडले. मालक मेंढ्या पाळतो, थोडी हरणे राखतो आणि अलीकडे आमच्यासारख्या खुळ्यांना रात्री फिरवून आणतो. संध्याकाळी सहालाच अंधार पडला, सातला दात वाजू लागले. सौ.नी बेळगावहून नेलेली कानटोपी आम्ही विमानतळावर लाजून पिशवीत कोंबली होती. ती त्या रात्री जी डोक्यावर चढली ती परतीच्या दिवशी उतरली.

रात्रीचा शोध असा असतो. उघड्या गाडीच्या मागच्या बाकावर घोंगड्या पांघरून बसावयाचे. वाटाड्या एका हाताने दिव्याचा झोत माळावर डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवीत राहतो. दिव्यापुढे तांबडी काच असते, म्हणजे प्राण्याचे डोळे दिपत नाहीत. बोलावयाचे नाही, खोकावयाचे नाही. प्राणी दिसतच नाही, दिसतात ते डोळे. झोत त्यांवर पडला की ते निखाऱ्यासारखे परततात. किती उंचीवर आहेत, एकमेकांपासून किती अंतरावर आहेत, हलताना उड्या मारतात की सरळ जातात, यावरून वाटाड्या नाव सांगतो. अक्षर पाहून मुलाचे नाव ओळखणारे शिक्षक आम्ही पाहिले आहेत. ही विद्या त्याच जातीची.

पहिल्या रात्री भेटले ते उड्या मारणारे डोळे. स्प्रिंगहेअर नावाचा हा प्राणी सशाएवढा. बसतो कांगारूसारखा, उड्या घेतो कांगारूसारख्या, आणि शास्त्र म्हणते की तो ना ससा ना कांगारू, तो कुरतडणाऱ्या वर्गातला, म्हणजे उंदराचा दूरचा भाऊ. त्यानंतर खोकडांची एक जोडी दिसली. आपल्या माळावरच्या खोकडीसारखीच, पण कान इतके मोठे की डोक्यापेक्षा त्यांचेच ओझे अधिक असावे. जमिनीखाली चालणाऱ्या वाळवीचा आवाज ती त्या कानांनी ऐकते. मान तिरकी करून, एखाद्या वृद्ध श्रोत्यासारखी, ती कितीतरी वेळ जमिनीकडे कान लावून उभी होती.

येथे वाळवीविषयी चार शब्द लिहिणे भाग आहे, कारण त्या माळाचे सारे अर्थशास्त्र वाळवीवर चालते. आमच्या घरी वाळवी म्हणजे ग्रंथांची वैरीण. आमच्या संग्रहातील तीन जुने दिवाळी अंक तिने पचवले आहेत. तेथे मात्र ती अन्नदाती आहे. वाळवी गवत खाते आणि वाळवीला इतर सारे खातात. त्यांत सर्वांत विलक्षण तो आर्डवुल्फ. डच वंशाच्या वसाहतवाल्यांच्या आफ्रिकान्स भाषेत ‘आर्ड’ म्हणजे माती, भूमी. तेव्हा हा भूलांडगा. प्रत्यक्षात तो लांडगा नव्हेच, तरसाच्या कुळातला आहे. पण हाडे फोडणाऱ्या त्या कुळात जन्मून याने मांसाहार जवळजवळ सोडला आणि वाळवीचे व्रत घेतले. दाढा झिजून खुंट्यांएवढ्या उरल्या. एका रात्रीत अडीच-तीन लाख वाळव्या तो चाटून फस्त करतो. ज्या जातीची वाळवी तो खातो ती उग्र वासाचा चीक फवारते, त्यामुळे इतर प्राणी तिच्या वाटेला जात नाहीत. याला त्याचे काही वाटत नाही. कडाक्याच्या थंडीत ही वाळवी वर येईनाशी होते आणि भूलांडग्याची उपासमार सुरू होते. म्हणून थंडीच्या दिवसांत तो दुपार कलताच बाहेर पडतो. आम्हाला तो दुसऱ्या दिवशी साडेचारच्या उन्हात दिसला. पट्ट्यापट्ट्यांचे अंग, पाठीवर आयाळ, चाल मात्र संकोची. उसने मागायला निघालेल्या सभ्य गृहस्थासारखा तो वारुळावरून वारुळाकडे चालला होता.

त्या दुसऱ्या रात्री आम्ही साडेपाच तास फिरलो आणि काही म्हणजे काही दिसले नाही. जर्मन बाईंना झोप लागली. भाच्याने हळूच विचारले, ‘‘मामा, कंटाळलात?’’ आम्ही नाही म्हणालो. ते अर्धसत्य होते.

तिसऱ्या रात्री पहाटे दोनच्या सुमारास दिवा एका वारुळाच्या बुंध्याशी थांबला. डोळे जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच. वाटाड्याने गाडी बंद केली. दुर्बिणीतून पाहिले तर एक मांजर. घरातल्या मांजरीहून लहान, अंगावर काळे ठिपके, पायांचे तळवे काळे. आफ्रिकेतील सर्वांत लहान रानमांजर ते हेच. मोठा बोकाही अडीच किलोच्या आत भरतो. नामिबिया, बोत्स्वाना आणि दक्षिण आफ्रिका एवढाच त्याचा मुख्य मुलूख, आणि तेथेही ते विरळ. किंबर्लीजवळच्याच बेनफोंटेन नावाच्या राखीव माळावर अलेक्झांडर स्लिवा या जर्मन शास्त्रज्ञाने १९९२ पासून या मांजरांच्या गळ्यात छोटी यंत्रे बांधून रात्रीमागून रात्री त्यांचा पाठलाग केला, तेव्हा त्यांची दिनचर्या, म्हणजे रात्रचर्या, जगाला समजली. एका रात्रीत हे मांजर दहा-पंधरा किलोमीटर चालते, सरासरी पन्नास मिनिटांना एक शिकार करते, आणि दहांपैकी सहा झेपा यशस्वी होतात. सिंहाला हे प्रमाण स्वप्नातही साधत नाही. दिवसा ते स्प्रिंगहेअरच्या सोडलेल्या बिळात निजते. आफ्रिकान्स भाषेत त्याला जे नाव आहे त्याचा अर्थ वारुळावरचा वाघ असा होतो. ज्या कोणा शेतकऱ्याने हे नाव ठेवले त्याला आमचा नमस्कार.

वारुळावरच्या वाघाने आम्हाला सुमारे एक मिनिट दिले. मग त्याने तोंड फिरवले, गवतात चार पावले टाकली आणि तो नाहीसा झाला. गेला असे म्हणता येणार नाही, कारण जाताना दिसला नाही. जर्मन गृहस्थांनी वही काढली, पण हात थंडीने म्हणा की आणखी कशाने म्हणा थरथरत होता. ते नंतर म्हणाले की या एका ओळीसाठी ते यापूर्वी दोनदा येऊन रिकाम्या हाताने परत गेले होते.

आर्डवार्क, म्हणजे भूमीचे डुक्कर, आम्हाला शेवटच्या संध्याकाळी दिसले. हे नाव साफ चुकीचे आहे. त्याचे डुकराशी काही नाते नाही. किंबहुना त्याचे कोणाशीच जवळचे नाते नाही. प्राणिशास्त्राच्या वर्गीकरणात एका संपूर्ण गणात तो एकटाच उरला आहे. दूरचे आप्त शोधू गेल्यास हत्ती आणि समुद्रगाय यांच्या घरी जावे लागते. गाढवाचे कान, डुकराचे नाक, कांगारूची शेपूट, फावड्यासारखी नखे आणि वीतभराहून लांब जीभ. ब्रह्मदेवाने उरलेले सामान एकत्र करून बनवावा असा. सौ. म्हणाल्या, ‘‘अहो, किती गरीब दिसतो!’’ त्याहून नेमके वर्णन आम्हाला सुचत नाही. नाकपुडी जमिनीला लावून, मागेपुढे न पाहता, तो आमच्या गाडीपासून वीस पावलांवरून गेला, एका वारुळाशी थांबला आणि बघता बघता त्याचे पुढचे पाय खांद्यापर्यंत मातीत गेले.

तो खणतो त्यावर इतर कित्येकांचे संसार उभे राहतात. त्याने सोडलेल्या बिळांत रानडुकरे, साळिंदरे, कोल्हे, खवले मांजरे, वटवाघळे, काही पक्षीसुद्धा राहतात. माळावर दुसरा आसरा नसतो. मात्र वाटाड्याने एक गोष्ट सांगितली आणि आमचा आनंद थोडा झाकोळला. आर्डवार्क हा अट्टल निशाचर. तो दिवसाउजेडी दिसणे हे नेहमीच सुलक्षण नसते. थंडीच्या रात्री वाचवण्यासाठी तो दुपारी निघतो हे खरे, पण पोट भरत नसले म्हणजेही निघतो. कलहारीत त्स्वालू येथे जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठाच्या संशोधकांनी काही आर्डवार्कांच्या शरीरात तापमान मोजणारी यंत्रे बसवली होती. २०१२-१३ च्या उन्हाळ्यात दुष्काळ पडला, वाळवी आटली. ते प्राणी दिवसाढवळ्या अन्न शोधू लागले, रात्री त्यांचे अंग गार पडू लागले, आणि एक वगळता अभ्यासातील सारे आर्डवार्क मेले. ‘‘दिसला म्हणून टाळ्या वाजवणारे पर्यटक आणि उपाशी आर्डवार्क,’’ असे म्हणून वाटाड्या कडवट हसला. आम्ही पाहिलेला मात्र चांगला गुबगुबीत होता, असे त्याने लगेच जोडले. तो आमच्या समाधानासाठी बोलला की खरे, हे आम्ही विचारले नाही.

किंबर्लीहून पश्चिमेस चारशे किलोमीटरवर ऑरेंज नदीकाठी अपिंग्टन हे गाव. तेथे आम्ही फक्त पेट्रोल व भाजीपाला घेण्यासाठी थांबलो. परंतु या गावाविषयी दोन ओळी न लिहिता पुढे जाणे आम्हाला, सीमाभागातील मराठी शाळेच्या मुख्याध्यापकाला, शक्य नाही. या मुलखाचे मूळ रहिवासी सान लोक. त्यांची एक बोली, न्‌लू असे तिचे नाव जवळपास लिहिता येईल, कारण तिच्यातले टाळूवर जीभ वाजवून काढावयाचे उच्चार देवनागरीत नाहीत. काट्रिना इसाउ या वृद्ध बाई तिच्या अखेरच्या अस्खलित वक्त्यांपैकी एक. त्यांनी अपिंग्टनमध्ये आपल्या घरीच मुलांसाठी शाळा काढली आणि अक्षरओळख नसताना ती भाषा शिकवली. २०१४ साली त्या देशाने त्यांना राष्ट्रीय सन्मान दिला. २०२१ साली त्या भाषेत मुलांसाठी कासव आणि शहामृगाच्या गोष्टीचे पुस्तक निघाले. त्या कोठे राहतात हे वाटाड्याला ठाऊक होते. ‘‘जायचे का?’’ असे त्याने विचारले. नव्वदी ओलांडलेल्या बाईला आम्ही प्राण्यांच्या यादीत कसे बसवावयाचे? आम्ही नको म्हणालो. आमच्या शाळेचा पट यंदा एकतीस आहे.

अपिंग्टनहून अडीचशे किलोमीटर उत्तरेला कगालागादी उद्यान. नावाचा अर्थ तहानेचा प्रदेश असा सांगतात. दक्षिण आफ्रिकेचे १९३१ साली स्थापन झालेले उद्यान आणि शेजारच्या बोत्स्वानाचे उद्यान अशी दोन्ही एकत्र करण्याचा करार १९९९ साली झाला आणि २००० साली हे उद्यान खुले झाले. क्षेत्रफळ अडतीस हजार चौरस किलोमीटरांच्या आसपास, म्हणजे सारा गोवा दहा वेळा मावेल. नोसोब नदीचे कोरडे पात्र ही दोन देशांची सीमा. कित्येक वर्षे त्यात पाणी येत नाही. पात्रात मधूनमधून सीमेचे दगड आहेत, बाकी कुंपण नाही, चौकी नाही. एक हरिण एका देशात चरत होते आणि त्याचे पाडस दुसऱ्या देशात. सीमा या शब्दाभोवती ज्यांची तीन पिढ्यांची भाषणे, मोर्चे व न्यायालयाच्या तारखा गुंफल्या गेल्या आहेत, अशा आम्हा लोकांना ते दृश्य पाहून काय वाटले ते सांगत नाही; वाचक समजतील.

नोसोबच्या तळावर एक मोठी हानी झाली. रात्री तंबूबाहेर काढून ठेवलेली आमची उजव्या पायाची चप्पल सकाळी गायब. वाळूत ठसे कोल्ह्याचे. कोल्हापुरी चप्पल कोल्ह्याने नेली, यावर भाचा दोन दिवस हसत होता. जेवणाचे हाल मात्र झाले नाहीत. मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला ‘पाप’ नावाचा गोळा तिकडचे मुख्य अन्न. नाव ऐकून सौ. दचकल्या, खाल्ल्यावर म्हणाल्या, ‘‘हे तर आपले मुद्दे, फक्त नाचणीऐवजी मक्याचे.’’ बेळगावची शेंगदाण्याची चटणी त्याच्याबरोबर इतकी जमली की चौथ्या दिवशी डबा रिकामा झाला. शेवटचा चमचा जर्मन गृहस्थांनी घेतला.

पहाटे पाणवठ्याशेजारच्या आडोशात बसून आम्ही तपकिरी तरस पाहिला. अंगावर लांब लोंबते केस, जणू कांबळे पांघरून आलेला. हा एकटा हिंडतो, मेलेले खातो, आणि पाणी नसेल तेव्हा वाळूत पसरलेल्या त्सामा वेलीची फळे, कलिंगडाचे भाईबंद ते, फोडून तहान भागवतो. मीरकॅट हे मुंगसाच्या कुळातले चिमुकले प्राणी तर दिवसभर दोन पायांवर उभे राहून पहारा करीत होते. ‘मीर-कॅट’ म्हणजे डच भाषेत तळ्याचे मांजर. प्राणी मांजर नाही आणि तेथे तळे नाही. हा शब्द आपल्या ‘मर्कट’ शब्दावरून तिकडे गेला असावा असाही एक तर्क आहे. खरा असो-नसो, आम्हाला तो आवडला. सिंह येथेच दिसले. त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

आता उरले ते खवले मांजर. मांजर नसताना मांजर म्हणवून घेणारा हा आपल्या रानातलाही रहिवासी. तिकडे त्याची वेगळी जात आहे, जमिनीवर राहणारी आणि मागच्या दोन पायांवर चालणारी. ‘पँगोलिन’ हा शब्द मलय भाषेतला, गुंडाळी करणारा अशा अर्थाचा. जगात त्याच्या आठ जाती आहेत आणि आठही जातींचा व्यापार बंद करण्याचा निर्णय २०१६ साली जोहान्सबर्ग येथेच भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत झाला. त्याचे खवले म्हणजे आपल्या नखांचेच द्रव्य. त्यांत औषध आहे या समजुतीपायी त्याचा संहार चालला आहे. संकट आले की तो पळत नाही, चावत नाही. पोट आत घेऊन चेंडू होतो. सिंहाला तो चेंडू सहसा उकलत नाही. माणसाला उकलावा लागत नाही. तो उचलून पिशवीत घालतो. शेतांभोवती विजेच्या तारा असतात, त्यांतली खालची तार पोटाला लागली की तो घाबरून तिच्याभोवतीच गुंडाळी करतो आणि तेथेच मरतो. लक्षावधी वर्षे ज्या युक्तीने त्याला वाचवले तिनेच तो जातो.

उद्यानाच्या दक्षिणेस वाळूच्या तांबड्या टेकड्यांत सान लोकांच्या मालकीची जमीन आहे. उद्यान झाले तेव्हा आणि त्यानंतर त्यांना तेथून हुसकले गेले होते. १९९९ आणि २००२ च्या करारांनी काही भूमी परत मिळाली. तेथील एक वृद्ध मागकाढ्या आम्हाला सकाळी वाळूत चालवीत नेत असे. वाळू हेच त्याचे वर्तमानपत्र. रात्री कोण कोठे गेले, कोण घाबरले, कोणाचा पाय दुखावला, तो वाचीत जाई. दुसऱ्या सकाळी तो एकदम बसला. वाळूत गोल, खोलगट पाऊलखुणांची एक ओळ, मधूनच शेपटीचा पुसट फराटा. पुढच्या पायांचे ठसे जवळजवळ नाहीत. त्याने दोन बोटे वर करून चालून दाखवले. खवले मांजर, आणि रात्रीचेच. आम्ही त्या खुणांमागे पाऊण तास चाललो. मग कडक जमीन लागली आणि ओळ संपली. जर्मन गृहस्थांनी वही उघडलीच नाही. खुणा मोजावयाच्या नाहीत असा त्यांचा नियम आहे. सौ.नी आमच्याकडे पाहिले. का पाहिले ते आम्हाला ठाऊक होते.

त्या रात्री, मुक्कामाच्या शेवटच्या रात्री, शेकोटीभोवती सारे बसले असता मागकाढ्याने वाटाड्याकरवी आम्हाला विचारले, ‘‘तुमच्या देशात हा आहे का?’’

‘‘आहे,’’ आम्ही म्हणालो.

‘‘तुम्ही पाहिला आहे?’’

‘‘एकदा.’’

मग सांगणे प्राप्तच होते. १९९६ साल असावे. आम्ही खानापूर तालुक्यातील एका खेड्यात सहशिक्षक होतो. एक दिवस गावातला एक इसम गोणपाटात काहीतरी बांधून शाळेत आला. ‘‘मास्तर, बघा काय घावलंय. पोरांस्नी दावा.’’ टेबलावर ठेवले तर खवल्यांचा एक चेंडू. आम्हाला केवढा आनंद झाला! पाठ्यपुस्तक मिटवले, फळ्यावर आकृती काढली, चौथीच्या मुलांना ओळीने येऊन खवल्यांवरून हात फिरवू दिला. आमच्या नोकरीतला तो सर्वांत रंगलेला तास म्हणावा लागेल. घंटा झाली. त्या इसमाने चेंडू पुन्हा गोणपाटात घातला आणि तो निघाला. कोठे नेतोस, हे आम्ही विचारले नाही. १९७२ चा कायदा आम्हाला ठाऊक होता. वनखात्याची कचेरी चार मैलांवर होती. चार दिवसांनी मुलांकडूनच कळले की मोटारसायकलवरून शहराचा कोणी आला आणि ते घेऊन गेला.

वाटाड्याने वाक्यावाक्याला थांबून हे सारे त्याला सांगितले. म्हातारा निखारे काठीने सारखे करीत ऐकत होता. त्याने आम्हाला बोल लावला नाही. बराच वेळ गेल्यावर त्याने एकच गोष्ट विचारली. आजूबाजूला शांत असले, भीती गेली, म्हणजे तो आपण होऊन उलगडतो, आधी नाक बाहेर काढतो. तुमच्या मुलांसमोर तो उलगडला होता का?

आम्ही आठवून पाहिले. आठवण्याची गरज नव्हती.

‘‘नाही,’’ आम्ही म्हणालो. ‘‘तास संपेपर्यंत नाही.’’